जोडीतली मरळ

सोजरबाईचा नवरा, आप्पा, उजनीच्या पाण्यात गेला तो काही सापडला नाही. जेऊरच्या बाजूला धरणाचा फुगवटा आत शिरलाय, तिथं जुन्या गावाची विहीर पाण्याखाली आहे. तिथंच तो मरळ मासा धरायला गेला होता. होडी मिळाली, माणूस नाही. तेव्हापासून ह्या बाईनं त्या पाण्यात पाऊल घातलं नाही. बाजारात बसून चिलापी विकायची, तीही दुसऱ्याच्या जाळ्यातली. कुणी मरळीचं नाव काढलं की अंगावर धावून जायची.

आणि आता सुनेसाठी मरळच हवी होती! गोदावरी बाळंत झाली, पण पान्हा फुटेना. पोरगी वरचं दूध ओकून टाकायची. बघता बघता नुसती कातडी अन् हाडं राहिली. डॉक्टरांची औषधं चालूच होती. पण बाळंतिणीला मरळीचा रस्सा द्यायचा, हे सोजरबाईच्या हाडात भिनलेलं. तिनं बाजार पालथा घातला. जिकडंतिकडं चिलापी. मेली ती परकी जात, सगळी नदी खाऊन बसलीय!

शेवटी तिनं आप्पाचा गळ काढला, त्याला बेडकी लावली आणि भरदुपारी त्या विहिरीकडं गेली.

पाणकणसाच्या आडोशाला लाल पिल्लांचा गोळा वळवळत होता, चांगला घमेल्याएवढा. पिल्लं लाल असेतो मरळीची जोडी, आई आणि बाप, खाली राखणीला असते. पाण्यात राहूनही मरळीला वर येऊन श्वास घ्यावा लागतो, म्हणून तिचा ठाव लागतो. गोळ्यावर बेडकी नाचवली की ती झडप घालते. भुकेनं नव्हे, रागानं. आप्पाची रीत ठरलेली होती. दोन जागी पाणी फुटलेलं बघायचं, मगच गळ टाकायचा. जोडीतली एक काढायची, एक पिल्लांना ठेवायची.

'ग्ळप्' असा आवाज झाला आणि सोजरबाई होती तिथंच थबकली. दम्यानं बेजार झालेला आप्पा असाच घोट गिळल्यागत श्वास ओढायचा.

"अवो, तुमी हाय का?" ती कुजबुजली.

मग पुन्हा तिथंच, तोच श्वास. दुसऱ्या जागी पाणी फुटेपर्यंत थांबायचा धीर कुणाला होता! तिनं गळ टाकला.

मरळ मोठी निघाली. ओल्या पोत्यात घरापर्यंत जिवंत होती, वाटभर कमरेशी श्वास टाकत होती. सोजरबाईनं ती आपल्या हातानंच चिरली. औषधाचा गुण म्हणा नाहीतर रश्श्याचा, गोदावरीला पान्हा फुटला. पोरगी चुटूचुटू प्यायला लागली. सगळं घर हसत होतं, सोजरबाईनं मात्र त्या रश्श्याला बोट लावलं नाही.

दुसरी मरळ राखणीला आहे ना, एवढं बघायला ती पुन्हा गेली. काठावर शेजारचा लालसाब जाळं झाडत होता.

"दुसरी? ती मी आदीच काढली की, मावशी. एकच उरली व्हती."

"आरं मुडद्या, सांगायचं न्हाईस?"

"तुमी तर पान्याला शिवत न्हाय. मला काय ठावं तुमी गळ टाकनार!"

पिल्लं खायला गोळ्याभोवती चिलाप्या जमल्या होत्या. सोजरबाईनं लुगडं खोचलं आणि ती सरळ पाण्यात उतरली. काठीनं पाणी बडवून तिनं त्या हुसकावल्या. त्या दिवसापासून उजाडलं की ती तिथंच. पाणकावळ्यांना शिव्या द्यायची, पिल्लांशी बोलायची. लोक म्हणाले, म्हातारीला लागीर झालं. आणि एवढं करूनही गोळा रोज घटत होता, ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा.

बारशाच्या दिवशी तिचा मुलगा महेश्वर काठावर आला. "आई, चल की! बायका खोळंबल्यात. तुज्याबिगर पाळना कसा हलवायचा?"

"पोरीला आई हाय, बाप हाय, दूध हाय," ती वळून न बघता म्हणाली. "मी हितनं हलले तर ह्यास्नी कोन हाय रं?"

तिचा हात धरायला महेश्वर पाण्यात उतरला.

"लांबनं ये!" ती किंचाळली. "पायापाशी हायत ती."

त्यानं खाली पाहिलं. उरलीसुरली लाल पिल्लं तिच्या पोटऱ्यांना बिलगली होती.