हातोड्याने फोडलेला गूळ

मागच्या वर्षी आमच्या घरातला संडास सकाळभर अण्णांच्या ताब्यात असायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळुरात, चामराजपेटेत, त्यांचं आणि काकांचं बॅटरीचं दुकान आहे. रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या उघडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटा बदलायच्या, शिसं वितळवून जोड द्यायचे, ॲसिड भरायचं, असा धंदा. त्यामुळे अण्णांच्या प्रत्येक पँटीला ॲसिडची भोकं. लग्नाला घालायची पँट वेगळी ठेवली होती. तिला एकच भोक होतं आणि ते शर्टाखाली झाकायचं.

तर अण्णांचं पोट बसलं. कळा यायच्या, पण काम व्हायचं नाही. आईने एरंडेल दिलं, भिजवलेल्या मनुका दिल्या, इसबगोल दिलं, गरम पाण्यात तूप दिलं. शेवटी दृष्ट काढली. मिरच्या जळल्या, सगळं घर खोकलं, पोट हललं नाही.

"आत पेपर वाचत बसलात का?" आई दाराबाहेरून विचारायची.

"पेपर संपला. आता टेंडरच्या नोटिसा वाचतोय."

"मग टेंडर भरा आणि बाहेर या. पोरीला ऑफिस आहे."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना अण्णांनी 'होट्टे नोवु' एवढंच सांगितलं, पोट दुखतंय म्हणून, आणि गॅसच्या गोळ्या घेऊन आले. गॅस होता की नाही माहीत नाही, पण राग भलताच होता. वरणात मीठ कमी म्हणून कुकरवर चिडायचे. चेहरा जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला होता.

एका सकाळी त्यांच्या हातातून कॉफीचा लोटा पडला. दुसऱ्या दिवशी परत. मग मी नीट बघितलं तर उजवं मनगट ओल्या रुमालासारखं लोंबत होतं. बोटं मिटायची, पण पंजा वर उठायचा नाही. याच हाताने ते वितळलेलं शिसं ओततात. हात गेला म्हणजे दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर दिवसभर अण्णांना घरात कसं सांभाळायचं, या विचाराने आईचं तोंडच उतरलं. मला मात्र त्या लोंबत्या मनगटाची खरोखरच भीती वाटली.

इथे सांगून टाकते की मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली पहिली. मुद्दाम सांगते, कारण सांगितल्याशिवाय कुणी विचारत नाही. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. मारतहळ्ळीकडच्या मोठमोठ्या अपार्टमेंटांच्या बोअरवेलचं पाणी आमच्याकडे येतं. पाण्यात शिसं सापडलं तर त्याने माणसाचं काय होतं, ते मला पाठ आहे. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी, चिडचिड, मनगट पडणं. यादी मनात म्हणत गेले आणि शेवटी अण्णाच समोर उभे राहिले.

"मास्क लावा, हात धुवा, असं मी कॉलेजात असल्यापासून सांगतेय," मी म्हणाले.

"मला काही होत नाही," अण्णा म्हणाले. "मी रोज गूळ खातो."

ही आमच्याकडची पक्की समजूत. धुळीत, धुरात काम केलं की संध्याकाळी गुळाचा खडा खायचा. घाण गुळाला चिकटते आणि खाली निघून जाते. अण्णांच्या वडिलांनी खाल्ला, अण्णांनी खाल्ला. गळा म्हणजे जणू धुराडं आणि गूळ म्हणजे झाडू.

त्या दिवशी मी संध्याकाळी दुकानातच जाऊन उभी राहिले. अण्णांनी फळीवरून डबा काढला. डब्याला झाकण नव्हतं, आणि शिसं वितळवायची कढई त्याच्या खालीच. डब्यात काळपट ढेप. ती त्यांनी लोखंडी पाटीवर ठेवली आणि ज्या हातोड्याने दिवसभर शिशाचे खुंट ठोकले त्याच हातोड्याने फोडली. मग त्याच हाताने खडा तोंडात.

"घे की तूही," अण्णा म्हणाले. "लॅबमध्ये काय कमी विष असतं?"

मी खडा घेतला, पण कागदात गुंडाळला. लॅबमध्ये विरघळवून मशीनला लावला. आकडा बघून आमचे साहेब खुर्चीतून उठले.

"कुठल्या फॅक्टरीचं सांडपाणी आहे हे?"

"सर, माझ्या वडिलांचा गूळ."

साहेब परत बसले आणि त्यांनी आकडा पुन्हा वाचला.

मी रिपोर्ट घरी नेला. बाप माझा असा, की त्याने रिपोर्ट वाचला, चप्पल घातली आणि तडक किराणावाल्याकडे निघाला. मी मागे.

"तुझ्या गुळात शिसं निघालं," अण्णांनी काउंटरवर कागद ठेवला. "मुलीने तपासलंय. बी.एस्सी. आहे."

किराणावाला पोत्यावरून उठलासुद्धा नाही. "अण्णा, माझ्याकडे शिसं आलं असतं तर मी गुळात कशाला घातलं असतं? तुम्हालाच विकलं असतं की."

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून त्याच्याच पोत्यातला गूळही मी तपासून घेतला होता. दुसरा कागद काढला. "पोत्यातला गूळ स्वच्छ आहे, अण्णा. डब्यातला नाही. मधे फक्त तुम्ही आहात."

"अक्का, तो स्वच्छवाला कागद मला द्या," किराणावाला म्हणाला. "देवांच्या फोटोशेजारी लावतो."

अण्णांनी आपला कागद उचलला. घरी येऊन उजवा हात मांडीवर ठेवून बघत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे औषध म्हणून मी बॅटरी खात होतो."

"थोडी थोडी," मी म्हणाले. "श्वासातून घेत होता ती वेगळी."

दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात रक्त दिलं. शिसं भरपूर निघालं. काकांनाही ओढून नेलं. त्यांचं पुष्कळ कमी. धूर तेही घेतात, पण त्यांना डायबेटिस, त्यामुळे गूळ बंद. तेव्हापासून काका आपल्या शुगरबद्दल फार मानाने बोलतात. आई अण्णांचे कपडे धुते म्हणून तिचं आणि माझंही रक्त तपासलं. आम्ही ठीक होतो.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. "काम बंद. रक्तातलं शिसं उतरेपर्यंत दुकानात पाय ठेवायचा नाही."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "आणि हात?"

"बहुतेक परत येईल. कधी, ते हातच सांगेल."

गोळ्या सुरू झाल्या. घरी मी अण्णांना समजावलं, की शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेऊन हिंडतं. हाडांना वाटतं आपलाच माणूस, आणि ती त्याला आत घेतात. मग ते लीजवर राहिलेल्या भाडेकरूसारखं हलत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर पडत राहतं.

"मग त्याला नोटीस द्या," आई म्हणाली.

दुकानात आता धूर ओढणारा पंखा आहे, मास्क आहे, दारात साबण आहे. कामाचे कपडे तिथेच राहतात. खायचं काहीही आत नेलं की काका ओरडतात. अण्णांचं पोट आधी सुटलं. त्या सकाळी ते बाहेर आले तेव्हा आईने शिरा केला. हात मात्र लोंबतच होता.

डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला होता. हात पुढे धरायचा आणि ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा वर उचलायचा. अण्णा घरभर ट्रॅफिक थांबवत फिरायचे. पंजा उठायचा नाही. नुसते खांदे उठायचे, भुवया उठायच्या.

परवा तपासणीला निघालो. आईला कुलूप लावायला वेळ लागला म्हणून आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो.

"हे बघ गं," अण्णा म्हणाले.

त्यांनी उजवा हात पुढे धरला. पंजा हळूहळू वर आला. थरथरला. पण पडला नाही. मी मनगटाकडे बघतच राहिले.

तेवढ्यात एक रिक्षा करकचून समोर थांबली. बंगळुरात एरवी आपण दोन्ही हात हलवले तरी रिक्षा थांबत नाही.

"एल्लिगे सार?" ड्रायव्हरने कुठे जायचं ते विचारलं.

अण्णांनी पंजा खाली घेतला नाही.

"स्वल्प थांब बाबा," ते म्हणाले. "आणखी किती वेळ राहतो ते बघू दे."