सोड्यांचं खासगी पत्र

दादाची मुंबईतली राहायची जागा मी अर्ध्या तासात, मजकूर दोनदा तपासून, धोक्यात आणली.

नोकरीसाठी दादा काकीकडे राहत होता. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे पत्रं लिहायचं काम माझं. त्या वर्षी जो तो इंटरनेटवरच्या एका साइटवर स्वतःचं पान उघडून बसला होता. दादाचंही होतं. त्यावर लिहिलं की त्याला लगेच मिळतं, एवढं मला कळलं होतं. (एवढंच कळलं होतं.)

आईला घेऊन मी सायबर कॅफेत गेले. तिने चपला बाहेर काढल्या. एका खुर्चीत दोघी बसलो. शेजारच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून आई माझ्या कानात सांगू लागली.

"लिव. एस्टीच्या डायवरकडे दोन पुडे दिलेत. सोडे तुझे, पेटीत लपव. सुकट काकीला दे."

(सोडे म्हणजे सोलून वाळवलेली मोठी कोळंबी. सुकट म्हणजे तिची गरीब नातेवाईक.)

"लपव, असंच लिहू?"

"मग काय, दारावर टांगून ठेव असं लिवतेस? आनि काकीने इचारलान तर सांग, यंदा सोडे झालेच नाय. तिच्या हाताला चव नाय. वाटोळं करील."

मी सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, शेवटी थोरांना नमस्कार घातला आणि आईला वाचून दाखवलं. तेही कानात.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला.

"अगो बये, काय लिहिलंस ते? पिंट्याने काकीला मोठ्याने वाचून दाखवलं." पिंट्या म्हणजे काकीचा मुलगा.

"तुझं पत्र त्याने फोडलंच का?"

"फोडायला बंद कुठे होतं? ते पान सगळ्यांना दिसतं. काकी म्हणते, महिनाअखेर दुसरी खोली बघ."

मी जरा चाचरले, पण मागे हटले नाही. "वर तुझं नाव होतं ना? मग ते तुझं. आमचा पोस्टमन उघडं कार्ड वाचतो, पण न वाचल्यासारखं तोंड करतो. मुंबईत एवढीही रीत नाही?"

"ही रीत काकीला सांगू?"

"नको."

आईने घरातले होते नव्हते तेवढे सोडे काकीला पाठवले. दादाची जागा वाचली. आम्ही पावसाळाभर सुकट खाल्ली. "वाढू का, कॉलेजवाली?" असं आई रोज विचारायची.

माझं मत मात्र आजही तेच आहे. यंत्र कितीही नवं असो, दुसऱ्याचं पत्र वाचू नये. हे कोणीतरी ठणकावून सांगायलाच हवं होतं, म्हणून मी पुन्हा कॅफेत गेले आणि दादाच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हा मजकूर खासगी आहे. इतरांनी वाचू नये."

संध्याकाळपर्यंत नऊ नातेवाइकांची उत्तरं आली. पहिलं काकीचं होतं, पिंट्याच्या पानावरून.

"आम्ही काही वाचलं नाही. सोडे संपलेत, तेवढं आईला सांग."