आबांचं गप्प होणं आणि माझं

"सुनंदाताई, हे डिप्रेशन आहे. तुमच्या संधिवाताशीही त्याचा संबंध असावा," परळच्या हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मला रागच आला. मी तर बोटांची, गुडघ्यांची सूज घेऊन आले होते. आंघोळ नकोशी वाटते, वर्गात शिकवताना फळ्यासमोर शब्द आठवत नाहीत, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांध्यांच्या डॉक्टरांनी ते हेरून मला इथे पाठवलं होतं.

रक्तात सीआरपी नावाचं प्रथिन वाढलेलं होतं. शरीरात इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, चालू असला की ते वाढतं.

"हा दाह काहींच्या मेंदूवरही परिणाम करतो. झोप, भूक, मन सगळं बिघडतं," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांचं तसं होत नाही. घराण्यात तसा कल असेल तर धोका वाढतो. घरी कुणाला होतं?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं.

रविवारी चिंचपोकळीला आत्याकडे गेले. लसूण सोलता सोलता तिने सगळं ऐकलं.

"मग तुझ्या आबाला काय होतं गं?"

मला वरळीची आमची चाळ आठवली. आबा, माझे वडील, लोअर परळच्या गिरणीत होते. रविवारी बुद्धविहारात चाळीतल्या पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे, तेही टाळ्यांच्या ठेक्यावर. संध्याकाळी आम्हाला समुद्रावर न्यायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशातले खारे दाणे कोमट लागायचे. ती चव अजून जिभेवर आहे.

आणि मग काही महिने तेच आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गुडघे सुजलेले. आम्ही म्हणायचो, गिरणी बंद पडली म्हणून.

"गिरणी चालू होती तेव्हाही असाच पडायचा," आत्या म्हणाली. "आमची आईसुद्धा. लोक म्हणायचे, बाहेरचं झालंय."

चौदा वर्षांची असताना मी आबांना म्हणाले होते, "उठा ना! सगळ्यांचे वडील कामाला जातात."

"उठतो गं बाय," ते म्हणाले. उठले नाहीत. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता ते नाहीत. आत्याकडे त्या दिवशी मी पोटभर रडले.

संधिवाताचं औषध बदललं. मनासाठी गोळी आणि पंधरवड्याला समुपदेशन सुरू झालं. पहिला महिना काहीच फरक नव्हता. ओपीडीच्या बाकावर बसून वाटायचं, उगाच येतेय. मग एका सकाळी शेजारच्या घरातून बोंबील तळल्याचा वास आला आणि मला कडकडून भूक लागली. किती महिन्यांनी!

कॉलेजात जाणारी माझी मुलगी प्रज्ञा एकदा सोबत आली. तिने सरळ विचारलं, "मग मलाही होणार?"

"कल येऊ शकतो, आजार येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यात एकच जीन, म्हणजे जनुक, नसतो, अनेकांचा थोडाथोडा वाटा असतो. आजच तपासून सांगता येत नाही. त्रास झाला तर लपवू नकोस, एवढंच."

तुमच्यापैकी कुणाचे सांधे दुखत असतील आणि मनही विझलं असेल, तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही सांगा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोण कधी गप्प झालं होतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा बोटं सुजली. चहा घेताना मी प्रज्ञाला म्हणाले, "आज मनावर ओझं वाटतंय गं."

आमच्या घरात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "डॉक्टरांना फोन लावू?"

"लाव," मी म्हणाले.