ओलं फडकं

माझा स्वभाव मुळातच संशयी. दुधातलं पाणी आणि पाहुण्याच्या गोड बोलण्यातलं काम मला आधी दिसतं. त्यात जव्हारच्या एका लहानशा चित्रसंग्रहालयात नोकरी लागली आणि या खोडीला पगार सुरू झाला. रोज सकाळी एकेका चित्रापुढे उभं राहायचं, कुठे तडा गेलाय, कुठे रंग उडालाय, कोणी बोट लावलंय, ते वहीत लिहायचं. पुढे मी कथा लिहू लागले ती या वहीच्या जोरावर, असं सगळीकडे सांगते. पूर्ण खरं मात्र सांगत नाही.

साहेबांना लग्नाचा चौक हवा होता. वारली घरात लग्न असलं की सवाष्णी तांदळाच्या पिठानं भिंतीवर काढतात तो, मधोमध देवी असलेला. सूर्यमाळच्या एका पाड्यावरची म्हातारी जीपनं आली आणि गेरूनं सारवलेल्या फळीवर दोन दिवस बसून तिनं तो काढला. साहेब खूश झाले. म्हातारी मात्र जाताना सारखी देवीकडे वळून बघत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी जेवून परत आले, तर चौक जागेवर आणि आत देवी नाही. नुसता लाल गेरू.

झाडलोटीला दाभोशाहून एक बाई यायची. जमिनीचा तुकडा नाही. हे काम सुटलं तर पोरांची शाळा सोडवून वीटभट्टीवर जावं लागेल, हे तिनंच मला सांगितलेलं. ती बादली घेऊन तिथेच उभी होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"का पुसलंस?" मी विचारलं.

"मी नाय हात लावला, बाय."

रडणं नाही, मान खाली नाही, सरळ माझ्या डोळ्यांत बघणं. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मला वाटलं. लगेच साहेबांना पानभर अहवाल लिहून दिला. तिच्या हातातलं ओलं फडकं, त्यातून निथळणारं पांढरट पाणी, मला बघताच पदराआड गेलेला हात. इतकं झरझर सुचत होतं की लिहिताना मजा आली, हे आज कबूल करते. साहेबांनी पान वाचलं आणि तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी देवी पुन्हा काढून द्या म्हणायला मी सूर्यमाळला गेले. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती.

"ती मीच बुजवली," ती म्हणाली. "लगीन नाय, नवरी नाय, तं देवीला कितीक दिस तशीच बसवून ठेवाची? बाजारा आलू तवा गेरूचा हात फिरवला. तुमचे झाडणारनीनं पाणी दिला. तिनं नाय सांगला?"

कोणी पुसलं, असं मी त्या झाडणाऱ्या बाईला विचारलंच नव्हतं. आणि फडक्यानं पुसलं असतं तर खालचा गेरूही निघाला असता. तो तर ताजा होता! रोज चित्रं तपासणाऱ्या बाईला एवढं दिसू नये? परतीच्या जीपमध्ये मला स्वतःची लाज वाटत होती.

मी दुसरा अहवाल लिहिला, चार ओळींचा, खरा. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. "हा काही पटत नाही," ते म्हणाले. "पहिल्यात कसं सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं."

मी दाभोशाला गेले तेव्हा तिच्या घराला कडी होती. पोरांना घेऊन भट्टीवर गेली, असं शेजारीण म्हणाली.

आता माझी पुस्तकं निघतात. तुमच्या कथांतले बारकावे किती खरे असतात, असं वाचक सांगतात, आणि मला ते ओलं फडकं आठवतं. त्या दिवशी तिच्या हातात फडकं नव्हतंच.