अक्कांनी ‘सरी’ म्हटलं तेव्हा

“आधी नक्कल, मग अक्कल!” आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का हे म्हणायच्या ते एक हात उंच धरून, चौकातल्या पोलिसासारखा. संगणक बिघडला की माणूस आधी आपली अक्कल चालवतो; हे बटण दाब, ते दाब. अक्कांचं म्हणणं, आत जे आहे त्याची आधी दुसरीकडे नक्कल काढा, मग काय दिवे लावायचे ते लावा.

बेंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यातल्या त्या. सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या. मी सांगलीची. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली म्हणून इकडे आले. अक्का म्हणायच्या, “तू पुस्तकासारखं बोलतेस बा. स्वल्प भीतीच वाटते.”

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं कुणीतरी असेल, काहीही बंद पडलं की ज्यांच्या दाराची बेल वाजते. अक्का आधी कान लावायच्या. मिक्सरला, पंपाला, फ्रीजला. डोळे मिटून. मध्येच कुणी बोललं की, “ऐकू दे की!”

माझा इथला पहिला दसरा. आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’ एवढंच, आणि आतून टक्‌-टक्‌. त्या हार्ड डिस्कवर माझ्या पदवीदान समारंभाचा व्हिडिओ होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, आदल्या वर्षी गेले. चालते-बोलते अप्पा तेवढ्याच व्हिडिओत उरले होते, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. दुकानदार फोनवर म्हणाला, “फॉरमॅट मार देंगे मॅडम, नया जैसा हो जाएगा.”

मी जिना चढून धावले. अक्का आल्या त्या हात उंच धरूनच.

“बंद कर आधी! किती वेळा चालू-बंद केलंस?”

“बऱ्याच वेळा.”

“दम लागलेल्या माणसाला पळवतेस होय गे?”

त्यांनी डिस्क बाहेर काढली, घरून आणलेल्या वायरींनी आपल्या लॅपटॉपला जोडली आणि तिच्यावर कान टेकवला. मी शेजारी उभी. बऱ्याच वेळाने डोकं न उचलताच त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सरी.”

मला ऐकू आलं, “सॉरी.”

ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टर म्हणतात ना, अगदी तसं. मी फरशीवर बसकण मारली आणि रडायला लागले.

“अय्यो! काय झालं तुला?”

“तुम्हीच सॉरी म्हणालात.”

“सॉरी कुठे गे? सरी म्हटलं, सरी! म्हणजे ठीक आहे, चालतंय. कन्नड शिक की स्वल्प, नाहीतर एक दिवस उगाच मरशील!”

मग मी रडता रडता हसले, नाक पुसलं आणि चहा टाकला. नक्कल पुरी होईपर्यंत दोन चहा झाले. त्यानंतर अक्कांची अक्कल सुरू झाली.

“काल काय केलंस ह्याला?”

“पूजा.”

“कशी?”

“डबा उघडून आतून पुसला. मग गंध, फूल.”

अक्का आत डोकावल्या. डिस्कला वीज देणारी वायर दुसऱ्या टोकाला, वीजपेटीपाशी, अर्धी निघून लोंबत होती. शेजारी झेंडूची पाकळी. “अगं, पूजा वरून करायची. देवाच्या पोटात कुणी हात घालतं का?” त्यांनी डिस्क जागेवर ठेवून वायर घट्ट बसवली. टक्‌-टक्‌ थांबली.

“आता दाखव तरी, कशासाठी एवढं रडलीस.”

मी व्हिडिओ लावला. स्टेजवर भलत्याच मुलीचं नाव पुकारलं गेलं आणि अप्पा उठून टाळ्या वाजवायला लागले. शेजारच्यांनी ओढून बसवलं. अक्का हसून हसून खोकल्या. मग पडद्याजवळ वाकल्या.

“हात पिवळे दिसतात त्यांचे.”

“हळदीच्या बाजारात पोती उचलायचे. रंग जायचाच नाही,” मी ठासून सांगितलं.

“म्हणजे हळद लावूनच आले की कार्याला,” अक्का म्हणाल्या. “परत लाव.”

गेल्या वर्षी अक्का म्हैसूरला भाचीकडे राहायला गेल्या. वर आता दुसरं बिऱ्हाड आहे. मला मात्र त्या अजून माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या दिसतात. पडद्यावर अप्पा पुन्हा चुकीच्या नावाला उठताहेत, आणि अक्का त्यांना समजावताहेत, “बसा हो अप्पा, बसा. तिचं नाव यायचंय अजून.”