तेसीची काठी घेऊन विनिपेगला

विनिपेगला जायचं ते ट्रेननेच, हे माझं आणि तेसीचं चार वर्षांपूर्वीच ठरलं होतं. टोरंटोहून विमानाने अडीच तास लागतात, ट्रेनने दीड दिवस. "आते, आपण दोघी म्हाताऱ्या खिडकीत बसून उकडलेली अंडी खात जाऊ," असं ती म्हणायची. 'आते' म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. दर वर्षी काहीतरी आडवं आलं. शेवटी या सप्टेंबरच्या अखेरीस मी एकटीच निघाले, तिच्या चाळिसाव्याला. आपल्याकडे तेरावा असतो, तसा फिलिपिनो लोकांत चाळिसावा दिवस. तोवर गेलेलं माणूस घराच्या आसपासच असतं, असं ते मानतात.

तेसीची ओळख झाली ती माझ्या सासूबाईंमुळे. त्या टोरंटोजवळ, आमच्या व्हिटबीच्या एका वृद्धाश्रमात होत्या आणि तेसी तिथे कामाला होती. त्यांना अंघोळ घालायची, उचलून खुर्चीत बसवायची, त्यांच्या मराठी शिव्या हसून ऐकून घ्यायची. सासूबाई गेल्या, तेसी आमची होऊन राहिली. पुढे एकदा ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी माझी पर्स हिसकावली आणि मी पडले. गुडघा बरा झाला, पण एकटीने गाडीपर्यंत चालायची भीती बसली. तेसीने ते बरोबर ओळखलं. एका शनिवारी सकाळी तिने मला तिच्या बेसमेंटमध्ये बोलावलं आणि हातात वेताची काठी दिली. आमच्या मिरजेच्या कॉन्व्हेंटमध्ये वेत म्हणजे सिस्टरांच्या टेबलावरची वस्तू. आपण तळहात पुढे करायचा आणि तो खाली यायचा. सत्तावन्नाव्या वर्षी तो पहिल्यांदा माझ्या मुठीत आला.

या विद्येला अर्निस म्हणतात. तेसीच्या घराण्यात सात वार होते. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकीने मारायचं, दुसरीने अडवायचं, मग उलट. पण पहिले दोन महिने तिने मला काठी फिरवूच दिली नाही. पाय कसे ठेवायचे, समोरच्याचे हात कसे बघायचे, पोटातून कसं ओरडायचं आणि संधी मिळताच कसं पळायचं, एवढंच. पळून घरी पोचलीस तर तू जिंकलीस, असं ती सांगायची. पाच वर्षं मी दर शनिवारी गेले. तिच्याखेरीज दुसऱ्या कुणासमोर कधी उभीच राहिले नाही.

शिकून झालं की मी मिठाची पिशवी गरम करून तिच्या उजव्या खांद्यावर धरायची. विनिपेगला असतानाच एका पेशंटला सावरताना तो खांदा दुखावला होता. हे कुणालाही सांगायचं नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. कामावर कळलं तर शिफ्ट कमी करतील ही धास्ती. विनिपेगला तिचा मोठा भाऊ रोमी राहतो, तोही अर्निस शिकवतो. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. का, ते विचारलं की ती हसायची आणि चहा टाकायची.

ऑगस्टमध्ये कामाला निघालेली तेसी बसस्टॉपवर कोसळली, ती उठलीच नाही. भाऊ येऊन तिला विनिपेगला घेऊन गेला. त्याच आठवड्यात श्रीकांतचं, माझ्या नवऱ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मला जाता आलं नाही. मग एके दिवशी रोमीच्या बायकोचा, नेनिताचा, फोन आला. त्यांच्या घराण्यात रीत आहे की खेळणारं माणूस गेलं तर चाळिसाव्याला त्याच्या जोडीदाराने त्याचीच काठी घेऊन गुरूसमोर, म्हणजे इथे रोमीसमोर, सात वार खेळायचे. तेसीची जोडीदार म्हणजे मीच, आणि तिची काठीही माझ्याकडेच राहिली होती.

मी बासष्ट वर्षांची, दुसऱ्या देशाची, दुसऱ्या धर्माची. पण हो म्हणाले. माझ्या मनात एकच होतं. अकरा वर्षं न बोललेल्या त्या भावाने, तिने शिकवलेलं बघून तरी तिच्याबद्दल एक चांगला शब्द काढावा. तो ऐकायला मी निघाले होते. श्रीकांत म्हणाला, "परत येताना सगळी हाडं मोजून आण."

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: ही ट्रेन आठवड्यातून दोनदाच सुटते, तेव्हा आधी ट्रेन बघा, मग बाकीचं ठरवा. इकॉनॉमीची सीट लवकर काढली तर विमानापेक्षा फार महाग पडत नाही. मात्र रात्र बसूनच काढायची असते, पांघरूण आणि मानेची उशी घ्या. सडबरी स्टेशनच्या पुढे फोनला रेंज विसरा. मालगाड्यांना वाट देत आपली गाडी कुठेही थांबून राहते, त्यामुळे पोचल्यावर लगेच काही ठरवू नका. मी पोळ्या, चटणी आणि सहा उकडलेली अंडी नेली होती. काठ्या कापडी पिशवीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला. हातात घेऊन फिरलात तर लोक घाबरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

काचेच्या छताचा एक डबा असतो, तिथे मी बुधवारची सगळी दुपार बसले. बर्च पिवळे झाले होते. तळं, खडक, झाडं, परत तळं. माणूस नाही, घर नाही. समोर बसलेल्या बाईंनी कुणाकडे निघालात असं विचारलं. मैत्रिणीकडे, असं मी सांगितलं आणि चार अंडी तशीच परत डब्यात ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी तासभर उशिराने विनिपेग आलं. तिथे घड्याळ एक तास मागे करायचं असतं. मूळची नागपूरची प्रणोती आपलं बेसमेंट प्रवाशांना भाड्याने देते, तिथे मी उतरले. वेगळी वॉशरूम, छोटा ओटा, सगळं स्वच्छ. माझी पिशवी उचलताना ती थबकली. "काकू, काठ्या आहेत काय यात? कोणाला हाणायला आल्या तुम्ही?" तिची सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. "आर यू अ निन्जा?" मी नाही म्हटल्यावर तिचा विरस झाला.

शुक्रवारी नेनिता मला घ्यायला आली. आधी एका फिलिपिनो बेकरीत नेलं. पॅन दे साल नावाचे छोटे, मऊ पाव तिथे सकाळी गरम मिळतात. विनिपेगला जाल तर दुपारी जाऊ नका, संपलेले असतात. मग आम्ही दफनभूमीत तेसीकडे गेलो. गवत अजून धरलं नव्हतं, मातीचा चौकोन तसाच दिसत होता. नेनिता पाव कुस्करून बाजूला ठेवत म्हणाली की रोमी अजून रडलेला नाही. घरात तेसीचं नाव निघालं की उठून गॅरेजमध्ये जातो.

रोमीचा अर्निसचा वर्ग भरतो त्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये शनिवारी सगळे जमले, चाळीसेक माणसं. टेबलावर तेसीचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. माझ्यासाठी मांस न घातलेल्या शेवयांचं वेगळं पातेलं, त्यावर माझं नाव चिकटवलेलं. आधी जपमाळेची प्रार्थना झाली. शाळेत दहा वर्षं म्हटलेली 'हेल मेरी' जवळपास पन्नास वर्षांनी माझ्या तोंडून न अडखळता बाहेर पडली. शेजारच्या आजी चमकून बघायला लागल्या. माझ्या आईला हे आवडायचं नाही, म्हणून ती संध्याकाळी रामरक्षा म्हणून घ्यायची. त्या दिवशी मनात दोन्ही म्हटल्या.

मग खुर्च्या बाजूला झाल्या. रोमी सत्तरीचे, ठेंगणे, पांढरे केस चापून बसवलेले. मी त्यांना कुया म्हणत होते, कुया म्हणजे दादा. सकाळपासून ते माझ्याशी "थँक यू फॉर कमिंग" एवढंच बोलले होते. मी तेसीची काठी घेतली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

पहिले सहा वार छान गेले. लाकडावर लाकूड वाजत होतं, भिंतीला टेकलेले लोक मोजत होते. सातवा वार डोक्यावरून सरळ खाली. त्यांनी आपली काठी वर आडवी धरली, आणि माझी तिथवर आलीच नाही. कानाजवळूनच निघाली आणि छातीसमोर थांबली. त्यांची काठी वर तशीच राहिली, रिकामी.

"अगेन," ते म्हणाले. पुन्हा सहा वार बरोबर, सातवा तसाच. तिसऱ्यांदाही तेच. मला चूक कळेना. मला सातवा असाच येत होता, तेसीचा असाच होता.

"हू टॉट यू टू बी लेझी?" ते ओरडले.

त्यांचा चेहरा माझ्यादेखत उतरला. काठी खाली घेत ते हळूच म्हणाले, "मी तिलाही हेच म्हणालो होतो. इथेच. सगळ्यांसमोर."

अकरा वर्षांपूर्वी तेसीचा सातवा असा अर्ध्यावरून यायला लागला. आळशी झालीस, वडिलांची विद्या मोडतेस, असं त्यांनी तिला भर वर्गात सुनावलं. तिने काठी बाकावर ठेवली आणि महिनाभरात आमचं ओंटारिओ गाठलं. हे त्यांनी मला नाही, जमिनीकडे बघत सांगितलं.

ती अर्ध्यावर का मारायची, हे त्या हॉलमध्ये एकट्या मला कळलं, आणि तेही त्याच क्षणी. पाच वर्षं त्या खांद्यावर मीच शेक धरला होता, तरी दोन्हीचा संबंध मला लागला नव्हता. बोलू नकोस, असं मला माझंच मन सांगत होतं. मी शब्द दिला होता. शिवाय हे ऐकून या माणसाचं आज काय होईल? पण गप्प बसले असते तर माझी मैत्रीण तिच्या चाळिसाव्यालाही आळशीच ठरली असती.

"कुया, ती आळशी नव्हती," मी म्हणाले. "तिचा हात याच्या वर जात नव्हता." आणि माझा हात कानापर्यंत नेऊन दाखवला.

त्यांनी कधीपासून असं विचारलं. इथून जायच्या आधीपासून, मी सांगितलं. नोकरीच्या भीतीने तिने कुणालाच कळू दिलं नाही, आणि दोन दोन शिफ्ट करत राहिली.

ते बाकावर बसले. "मला तरी सांगायचं," ते म्हणाले.

नेनिता त्यांच्याशेजारी बसली होती. तिने आवाज अजिबात चढवला नाही. "तू विचारलं नाहीस, रोमी."

मग ते रडले. पोरं, म्हातारे, सगळे तसेच उभे होते, कुणी जवळ गेलं नाही. माझ्या हातात तेसीची काठी होती आणि ती कुठे ठेवावी हे मला सुचत नव्हतं. ज्या चांगल्या शब्दासाठी मी आले होते, तो कुणी उच्चारला नाही. त्या रडण्यात तो होता, अशी मी समजूत घालून घेतली.

रविवारी दुपारी परतीचं विमान होतं. सकाळी कुया स्वतः मला घ्यायला आले आणि दोन नद्या मिळतात तिथे घेऊन गेले. स्टेशनाजवळच आहे, बाजार आहे, कॉफी बरी मिळते, सकाळी गर्दी नसते. झाडाखाली त्यांनी मला उभं केलं.

"तुझ्या खांद्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "तिचं दुखणं तू कशाला वागवतेस?"

माझं कोपर धरून त्यांनी हात वर नेला, आणखी वर, पार डोक्यामागे. मग खाली. वीस वेळा, तीस वेळा. शेवटी काठीवर काठी बसली, तो आवाज पाण्यावरून गेला. मला सातवा असा बदलून नको होता, हे त्यांना कसं सांगणार? बहिणीसाठी जे करायचं राहिलं होतं, ते ते माझ्यासाठी करत होते. रोज पन्नास वार असा अभ्यास दिला आणि विमानतळावर सोडलं. काठ्या चेक-इनच्या बॅगेत गेल्या, कुणी काही विचारलं नाही.

याला दोन महिने झाले. विनिपेगला परत जाईन का, असं श्रीकांत विचारतो. जाईन. ट्रेननेच जाईन, आणि तुम्हीही जा, आयुष्यात एकदा तो दीड दिवस खिडकीत काढावा. कुयांचा दर रविवारी फोन येतो. आधी हवा, बर्फ, दारापुढचा शोव्हलने काढला का, मग एखादा लहानसा प्रश्न. खांद्याला ती कुठलं तेल लावायची? कोणत्या कुशीवर झोपायची? मला माहीत असतं ते सांगते. सांगितलं ते बरं केलं की वाईट, याचा निकाल अजून लागलेला नाही. तेसी असती तर रागावली असती. बहुधा आठवडाभरच.

व्हिटबीत आता मला जोडीदार नाही. विंटर टायर गाडीला लागलेत, उतरवलेले टायर बेसमेंटमध्ये एकावर एक रचून ठेवलेत, त्यांच्यावर मी रोज पन्नास वार मारते. सातवा पूर्ण जातो. कुयांनी फोनवर बघून शाबासकीही दिली.

काल शनिवार होता. मला तेसीचा सातवा बघावासा वाटला, एकदाच. ती जशी उभी राहायची तशी उभी राहिले, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि मारला. हात आपणहून वर गेला आणि सरळ खाली आला, टायरवर दणका बसला. पुन्हा मारून पाहिला. हळू मारून पाहिला. वरून श्रीकांतने चहा झाल्याची हाक दिली. मी आलेच म्हटलं, आणि पुन्हा मूठ कानाशी धरली. हात अर्ध्यावर थांबेचना.