दर्भाचा कावळा

मला मराठी वाचता येते ती बायबलातल्या जुन्या करारामुळे. हैदराबादच्या आमच्या पिढीला मराठी नुसती कानाने येते. माझ्या चुलतभावंडांना आजही मराठी लग्नपत्रिका वाचायला दिली तर घाम फुटतो. आमच्या घरी मात्र बाबा रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र पुढ्यात ठेवून मला मोठ्याने वाचायला लावत. बाबा तरुणपणी ख्रिस्ती झाले होते. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात कामाला असताना, मोठ्या दुखण्यातून उठल्यावर. बाकीचे सगळे घर हिंदूच राहिले. बाबांना शास्त्रातल्या दाखल्यांपेक्षा, म्हणजे बोधकथांपेक्षा, दगडी पाट्यांवरच्या दहा आज्ञा जवळच्या वाटत. आज्ञा म्हणजे आज्ञा, तिच्यात 'पण' नाही, असे ते म्हणायचे. तिच्यापायी त्यांनी दुसऱ्या देवापुढे हात जोडणे सोडले, प्रसाद सोडला. मला हा निव्वळ हट्ट वाटायचा, आणि तसे मी तोंडावर सांगायचे.

आजी अंबरपेठला काकांकडे राहायची. तिने यावर आपला तोडगा काढला होता. सणाला नैवेद्य दाखवायच्या आधीच ती बाबांचे ताट वाढून बाजूला ठेवी. काकू कुरकुरायची, देवाच्या आधी माणसाने जेवायचे हे कुठल्या रीतीत बसते? आजी म्हणायची, "निवद दाखवला की त्याला चालत नाही. मग लेकराला उपाशी ठिवू का? देव थांबतो जरासा." बाबा मान खाली घालून जेवत.

आजी गेली तेव्हा अग्नी काकांनी दिला. दहाव्या दिवशी मुसी नदीकाठी पिंड मांडला आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, असे आमच्यात मानतात. मग नातलगांनी पुढे होऊन ती पुरी करायचे वचन द्यायचे. त्या दिवशी आधी कबुतरेच आली. या शहरात कबुतरांना काय तोटा! काकू पदर हलवून त्यांना हाकलत होती. मग कावळा आला. कठड्यावर बसला, पिंडाकडे पाहिले आणि तसाच बसून राहिला.

काकांनी हात जोडले. "आई, घराची काळजी करू नको." कावळा हलला नाही. काकूने नातवंडांना नीट सांभाळू म्हणून सांगितले. तरी नाही. मग सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. ते लांब, चिंचेखाली उभे होते.

"दादा," काका म्हणाले, "तिचा जीव तुझ्यात अडकलाय. नुसतं हौ म्हण. घरच्या देवाला पुन्हा हात जोडतो म्हण. नंतर नक्को जोडूस, कोण बघायला येतंय?"

बाबा पुढे आले. मला वाटले, आता म्हणणार. त्यांचे ओठ हललेही. आईबापाचा मान राखावा, हीसुद्धा त्याच पाट्यांवरची आज्ञा. त्यांनीच ती माझ्याकडून घोकून घेतली होती. पिंडासमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले. "मला जमणार नाही," एवढेच बोलले आणि परत चिंचेखाली गेले. काका रडायला लागले. ऊन चढले तसा कावळा उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. मला ऐकू येईल अशा बेताने काकू म्हणाली, "गवताला काय कळतंय तिच्या मनातलं?"

त्यानंतर बाबा खचले. प्रार्थना चुकत नव्हती, शास्त्र सुटले नव्हते, पण जेवताना बाहेर कावकाव ऐकू आली की घास हातातच राहायचा. कबुतरांसाठी आम्ही बाल्कनीला जाळी लावली होती. तिच्यापलीकडे एक कावळा येऊन बसू लागला. तसे कावळे कुणाच्या दारात येत नाहीत? पण बाबा ताट उचलून आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. हळूहळू मलाही धास्ती बसली. घरात एकटी असले की जाळीकडे पाठ करून बसायची माझी हिंमत होत नसे. खोटे कशाला बोलू, मी भ्यायले होते.

एका दुपारी त्यांनी भरले ताट तसेच सारले आणि माझे डोके फिरले. "बाबा, तो पक्षी आहे! आजी त्याच्या पोटातून जेवते असं तुमच्या शास्त्रात कुठे लिहिलंय? ज्यावर विश्वास नाही त्याला भिता कशाला?"

मग त्यांनी शास्त्रातल्या त्या म्हाताऱ्या बापाची गोष्ट काढली. देवाने त्याच्याकडे मुलाचा बळी मागितला. त्याने ऐकले, सुरी उचलली, आणि तेवढ्यात 'थांब' अशी वरून हाक आली, मुलाऐवजी बळी द्यायला झुडपात मेंढा सापडला. मला ती पाठ होती.

"त्या दिवशी पिंडासमोर मीही थांबलो होतो," बाबा म्हणाले. "वाटलं, हाक येईल. 'राहू दे, आईला हौ म्हण.' ती काही आली नाही."

"पण नुसतं हो तर म्हणायचं होतं. एका पाखराला खोटं सांगायला काय लागतं?"

"विश्वास नसता तर सांगितलं असतं गं," ते म्हणाले. "मी हौ म्हटलं की तो खाणार, हे मला माहीत होतं. आई समोर भुकेली बसली होती, आणि मी तिला नाही म्हटलं."